'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन' (१९५७): बायकोच्या खऱ्या साक्षीला वजन का नाही?

साखरपेठ

आधीच सांगते, या धाग्यात शेवट उघड होणार आहे. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनी आधी पाहा, मग इथे या. चित्रपट संपल्यावर पडद्यावरून एक आवाज विनंती करतो, की शेवट कुणाला सांगू नका. ती विनंती मी मोडते आहे, कारण शेवटाशिवाय माझा प्रश्न विचारताच येत नाही.

लंडनमधल्या एमिली फ्रेंच नावाच्या श्रीमंत विधवेचा खून होतो. तिने मृत्युपत्रात ऐंशी हजार पौंड लिओनार्ड व्होल या तरुणाच्या नावे ठेवलेत, म्हणून संशय त्याच्यावर. तो बॅरिस्टर सर विल्फ्रिडकडे येतो. खुनाच्या वेळी तो घरी होता हे सांगू शकणारी एकच व्यक्ती आहे, त्याची जर्मन बायको क्रिस्टीन. पण ती कोर्टात उभी राहते ती सरकार पक्षाकडून, आणि नवऱ्याविरुद्ध साक्ष देते. पुढे एक अनोळखी विद्रूप बाई सर विल्फ्रिडला क्रिस्टीनची पत्रं विकते, त्यांत नवऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायचा बेत असतो. ती खोटारडी ठरते, लिओनार्ड सुटतो. मग रिकाम्या कोर्टात ती सर विल्फ्रिडला सांगते, की हे सगळं तिनेच घडवलं. प्रेम करणाऱ्या बायकोने 'नवरा घरीच होता' म्हटलं तर ज्यूरी विश्वास ठेवणार नाही, हे तुम्हीच मला सुचवलंत. मग मी वैरीण झाले, आणि वैरिणीचं खोटं उघडं पाडून तुम्ही त्याला सोडवलंत.

हे वाक्य ऐकलं आणि मी चित्रपट थांबवला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी तशीच बसून राहिले.

माझी मावशी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहायची. काका टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, मावशी घरी कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायची. मी सातवीत असताना काकांच्या कारखान्यातून यंत्रमागाच्या दोन विजेच्या मोटारी चोरीला गेल्या आणि काकांचं नाव घेतलं गेलं. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी होती. चोरी रात्री आठ ते नऊच्या दरम्यान झाली असं ठरलं. त्या वेळी काका घरात जेवत होते, हे मावशीला माहीत होतं. तिने कोर्टात तेच सांगितलं. मी आईबरोबर मागच्या बाकावर होते. उलटतपासणीत वकिलांनी विचारलं, घड्याळ बघितलं होतं का? मावशी म्हणाली, 'घड्याळ बंद होतं. शेजारचे माग थांबले तेव्हा मी ताट वाढलं.' शेजारच्या कारखान्यात आठला पाळी बदलायची, दहा मिनिटं माग बंद असायचे, मग परत खडखडाट. आमच्या पेठेत सगळे त्यावरच वेळ सांगायचे. वकिलांनी विचारलं, 'नवरा आहे म्हणून सांगताय ना?' तिचं उत्तर अजून माझ्या कानात आहे. 'नवरा आहे म्हणूनच मला माहीत आहे. माझ्या घरात कोण जेवत होतं ते दुसऱ्या कुणाला कसं कळणार?'

निकालात लिहिलं होतं, की साक्षीदार आरोपीची पत्नी असल्याने तिची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही. काकांना एक वर्षाची शिक्षा झाली. अपिलात ते सुटले, पण त्याला तीन वर्षं लागली, आणि त्या कारखान्यात काय, दुसऱ्याही कुठे त्यांना कुणी मागावर उभं केलं नाही.

म्हणून विचारते. क्रिस्टीनचा हिशोब खरा आहे का? घरच्या माणसाचं खरं हलकं आणि वैऱ्याचं खोटं जड, असंच असतं का कोर्टात? आणि चित्रपटात खून लिओनार्डनेच केलेला निघतो, क्रिस्टीन शेवटी त्याला मारते. मूळ कथेचा शेवट वेगळा आहे म्हणतात, तो कुणी आणि का बदलला?

रीळ_आणि_रात्र

ताई, कायद्याचं जाणकार सांगतील. शेवटाबद्दल मी सांगतो, कारण त्याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. हॉलिवूडने, म्हणजे दिग्दर्शक बिली वाइल्डरने, शेवट बदलला असं लोक बोलतात. ते खरं नाही.

अगाथा ख्रिस्तीची मूळ कथा १९२५ ची. ती छोटी आहे आणि तिच्यात बॅरिस्टर जवळपास नाहीच, सगळी गोष्ट मेहर्न नावाच्या सॉलिसिटरच्या, म्हणजे खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलाच्या, नजरेतून आहे. बायकोचं नाव रोमेन. खटला संपल्यावर मेहर्नला तिची एक लकब आठवते, उजव्या हाताची मूठ वळायची आणि सोडायची. पत्रं विकणारी ती विद्रूप बाईसुद्धा नेमकी तसंच करत होती. दोघी एकच, हे त्याला तिथे कळतं. मग तो म्हणतो, तुम्हाला ठाऊक होतं तो निर्दोष आहे. ती सांगते, तसं नाही, मला ठाऊक होतं तो दोषी आहे. तिथे कथा संपते. खुनी मोकळा, तोही तिच्यामुळे.

ख्रिस्तीने १९५३ मध्ये लंडनच्या रंगभूमीसाठी याचं नाटक केलं तेव्हा पुढचा भाग तिने स्वतः जोडला. लिओनार्डची दुसरी, तरुण प्रेयसी येते, तो बायकोला सोडायला निघतो, आणि बायको त्याला सुऱ्याने मारते. म्हणजे खुन्याला शिक्षा करायची कल्पना लेखिकेचीच. कथा वाचताना आपण एकटे असतो, खुनी सुटलेला पाहून सुन्न होऊन पुस्तक मिटता येतं. भरलेल्या नाट्यगृहात हजार माणसांसमोर तो हसत निघून गेला तर पडदा कशावर पाडणार? मला तरी कारण तेच वाटतं.

वाइल्डरने घातलं ते वेगळं. सर विल्फ्रिड नुकताच दवाखान्यातून आलाय, हृदय कमजोर आहे, आणि नर्स मिस प्लिमसोल त्याच्यामागे इंजेक्शन घेऊन फिरते. ही नर्स नाटकात नाही. सर विल्फ्रिड झालेला चार्ल्स लॉटन आणि नर्स झालेली एल्सा लँचेस्टर प्रत्यक्षात नवरा-बायको होते, त्यामुळे ती कुरबूर इतकी अस्सल वाटते. दोघांनाही ऑस्करचं नामांकन होतं, एकूण सहा नामांकनं होती. कोर्टात तो टेबलावर गोळ्या ओळीने मांडून ठेवतो. तुम्ही परत पाहाल तेव्हा त्या गोळ्यांवर लक्ष ठेवा, वेळ कसा सरकतोय ते त्या सांगतात.

आणि तो एका डोळ्याचा चष्मा. समोरच्याच्या तोंडावर त्याचा उजेड पाडून सर विल्फ्रिड माणूस पारखतो. लिओनार्ड त्या उजेडात डोळे मिचकावत, पण मोकळेपणाने उत्तरं देतो आणि उत्तीर्ण होतो. क्रिस्टीन काय करते? उठते, खिडकीशी जाते आणि पडदा ओढून घेते. परीक्षाच बंद. पहिल्यांदा पाहताना वाटतं, ही काहीतरी लपवते आहे. दुसऱ्यांदा कळतं, की त्या खोलीत सर विल्फ्रिडची परीक्षा तीच घेत होती.

प्रेक्षक_जुळेसोलापूर

शेवट असा उघड लिहायला नको होता असं मला मनापासून वाटतं. वर सूचना आहे हे मान्य, पण शीर्षक पाहून माणूस आत येतो आणि नजर खाली जातेच. माझ्या मुलीला दाखवायचा होता, ती शेजारी बसून वाचत होती. शीर्षकात 'शेवट उघड' असं घालता येईल का?

साखरपेठ

तुमचं बरोबर आहे, मला सुचायला हवं होतं. मुलीची माफी मागते. शीर्षक आता बदलता येत नाहीये, व्यवस्थापकांना कळवलं आहे. पण तिला दाखवाच. शेवट माहीत असून मी परत पाहिला आणि जास्त धरून बसले.

टंकलेखन_निवृत्त

ताई, मी कोर्टात लघुलेखक होतो. साक्षी उतरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कायदा वकील सांगतील, मी पिंजऱ्यातला माणूस सांगतो.

तुमच्या मावशींचं उत्तर वाचून मी दोन वेळा चष्मा पुसला. 'शेजारचे माग थांबले तेव्हा ताट वाढलं.' हे पाठ करून बोलता येत नाही. पढवून आणलेला साक्षीदार घड्याळाची वेळ सांगतो, आठ वाजून पाच मिनिटं. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच वकिलाला, जे शब्द सांगतो तेच उलटतपासणीत, तोच क्रम, आणि मधलं एक वाक्य तोडलं की परत पहिल्यापासून सुरू करतो. खरा माणूस अडखळतो, 'ते आठवत नाही' म्हणतो, आणि मधेच अशी एखादी गोष्ट सांगतो जी कुणी विचारलेलीच नसते. बंद घड्याळ कुणी पढवत नाही. पढवणारा आधी घड्याळ चालू करतो.

मग कोर्टाला हे का दिसलं नाही? आम्ही उतरवतो ते शब्द. आवाज कागदावर उतरत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २८० होतं, साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांना काही महत्त्वाचं वाटलं तर त्यांनी ते नोंदवावं असं. माझ्या हातून तशा नोंदी फार थोड्या टाइप झाल्या. एका दिवसात सात-आठ साक्षी, बाहेर पट्टेवाला पुकारा करतोय, पक्षकार व्हरांड्यात उभे. 'आरोपीची पत्नी' एवढे दोन शब्द कागदावर आले, की वाचणारा पुढचं त्याच चष्म्यातून वाचतो. तुमच्या मावशींचं 'नवरा आहे म्हणूनच मला माहीत आहे' हे कागदावर कसं आलं असेल ते मी सांगू शकतो. 'आरोपी माझा पती आहे हे खरे आहे.' प्रश्न गळतो, तिडीक गळते, राहतं ते कबुलीसारखं वाक्य. मी स्वतः अशी कितीतरी वाक्यं उतरवलीत आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

आता चित्रपटातली बाई. आपल्याकडे फितूर साक्षीदार म्हणजे पोलिसांना एक जबाब देतो आणि पिंजऱ्यात आला की आरोपीच्या बाजूला झुकतो. क्रिस्टीन उलट्या वाटेने जाते. ती शेवटपर्यंत सरकार पक्षाचीच साक्षीदार राहते, आणि तिथे राहूनच सरकारचा खटला पाडते. पत्राचा प्रसंग नीट पाहा. सर विल्फ्रिड हातात एक कागद धरून वाचल्यासारखं करतात. ती लगेच म्हणते, हे माझं पत्र नव्हे, माझा कागद लहान आणि निळा असतो. हातात होतं शिंप्याचं बिल. सगळं कोर्ट म्हणतं, काय सापळा लावला! मीही म्हटलं होतं. पण पत्रं तिनेच लिहिलेली, तिनेच वेश बदलून विकलेली. तिला पकडलं जायचंच होतं. सापळा तिचा होता आणि त्यात अडकला तो बॅरिस्टर. इतकी वर्षं उलटतपासण्या ऐकून मी हे ओळखू शकलो नाही, तर बारा ज्यूरींचं काय घेऊन बसलात.

ॲडव्होकेट_होटगीरोड

टंकलेखन काकांनी जे लिहिलं ते आम्हा वकिलांना कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मी फक्त कायद्याची भर घालतो.

चित्रपटात सगळा डाव एका नियमावर आहे. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात अशा खटल्यात सरकार बायकोला नवऱ्याविरुद्ध पिंजऱ्यात उभं करू शकत नव्हतं. म्हणून क्रिस्टीनचं आधीचं लग्न बाहेर काढलं जातं. पहिला नवरा जिवंत, म्हणजे लिओनार्डशी झालेलं लग्न रद्द, म्हणजे ती बायकोच नाही, म्हणजे साक्ष चालते.

आपल्याकडे हा प्रश्नच आला नसता. १८७२ च्या साक्ष कायद्यापासून फौजदारी खटल्यात नवरा किंवा बायको सक्षम साक्षीदार आहे. अडतं ते कलम १२२ ला, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२८, जे १ जुलै २०२४ पासून लागू आहे. लग्न असताना नवऱ्याने बायकोला जे सांगितलं ते त्याच्या संमतीशिवाय तिला सांगता येत नाही. पण तिने जे पाहिलं ते सांगता येतं. १९५४ चा रामभरोसे विरुद्ध उत्तर प्रदेश हा निवाडा याचसाठी शिकवतात. बायकोने पाहिलं होतं, की नवरा पहाटे छपरावरून उतरला, भुशाच्या खोलीत गेला, अंघोळ केली आणि तेच धोतर परत नेसला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे तिने पाहिलेलं वर्तन आहे, चालेल. दागिने कुठून आणले हे त्याने तिला तोंडाने सांगितलं, ते मात्र चालणार नाही. आता क्रिस्टीनची साक्ष याला लावून पाहा. तो घरी किती वाजता आला आणि बाहीवर रक्त होतं, हे आपल्याकडे चाललं असतं. 'मी तिला मारलं' असं तो म्हणाला, हे नसतं चाललं.

दुसरा फरक शेवटाचा. एकदा सुटला की परत खटला नाही, म्हणून लिओनार्ड निर्धास्त हसतो. इंग्लंडनेही पुढे २००३ च्या कायद्याने, गंभीर गुन्ह्यात नवा सबळ पुरावा असेल तर, ते दार किलकिलं केलं. आपल्याकडे घटनेच्या अनुच्छेद २०(२) ने एकाच गुन्ह्याची शिक्षा दोनदा होत नाही, आणि फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने सुटलेल्यावर परत नवा खटला चालत नाही. पण सुटकेविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात अपील करू शकतं. सोलापूरच्या सत्र न्यायालयातून सुटला असता तर अपील मुंबईला, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे. इतक्या लवकर त्याला प्रेयसीचा हात धरून बाहेर पडता आलं नसतं.

आता तुमचा खरा प्रश्न. १९८१ चा दूधनाथ पांडे विरुद्ध उत्तर प्रदेश हा निवाडा तुमच्या मावशींसाठीच लिहिलाय असं वाटावं. त्यातही आरोपी 'मी तिथे नव्हतो' म्हणत होता. त्याचं म्हणणं टिकलं नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांइतकीच वागणूक मिळाली पाहिजे, आणि त्यांच्यावर उपजत अविश्वास दाखवायची सवय कोर्टांनी सोडली पाहिजे. म्हणजे ती सवय आहे हे सर्वोच्च न्यायालयालाही ठाऊक आहे. तुमच्या काकांच्या निकालातलं 'पत्नी असल्याने' एवढं एकच कारण कायद्याला पुरेसं नाही. अपिलात ते बहुधा इथेच सुटले असतील.

साखरपेठ

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मला काय म्हणावं कळत नाही. निवाड्याचं नाव मी वहीत लिहून घेतलं.

रविवारी मावशीला घरी आणलं आणि चित्रपट दाखवला. तिचं वय आता एकोणऐंशी. इंग्रजी येत नाही, म्हणून मी थांबवत थांबवत सांगत होते. क्रिस्टीनच्या साक्षीला ती काही बोलली नाही. पत्राच्या सापळ्यालाही नाही. मला वाटलं कंटाळली.

पण त्याआधी मोलकरणीची साक्ष आहे ना, जॅनेट मॅकेन्झीची, तिथे तिने मला दोनदा मागे न्यायला लावलं. जॅनेट सांगते, की त्या रात्री तिने बंद दाराआडून लिओनार्डचा आवाज ऐकला. सर विल्फ्रिड आधी काढतो, की मृत्युपत्र बदललं नसतं तर पैसा हिला मिळाला असता. मग काढतो, की हिने कानाच्या यंत्रासाठी अर्ज केलाय. शेवटी मुद्दाम खालच्या आवाजात प्रश्न विचारतो, तिला ऐकू येत नाही, सगळं कोर्ट हसतं. मीही हसले होते, प्रत्येक वेळी. जॅनेट झालेली ऊना ओकॉनर न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरही हेच काम करायची आणि हा तिचा शेवटचा चित्रपट, एवढं वाचून मला तिचं कौतुक वाटत होतं, बाकी काही डोक्यात आलं नव्हतं.

चित्रपट संपला. लिओनार्ड पडला, क्रिस्टीनचा खटला सर विल्फ्रिड लढणार. मी मावशीकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. मग म्हणाली, 'म्हणजे त्या म्हातारीने त्याचा आवाज ऐकला होता.'

मी म्हटलं, हो.

'तोच होता आत.'

हो.

'मग एवढ्या मोठ्या कोर्टात खरं बोललेली ती एकटीच की गं.'

टंकलेखन काका, तुम्ही विचाराल म्हणून लिहिते. मी तिला तुमचं उत्तर वाचून दाखवलं, बंद घड्याळ कुणी पढवत नाही ते. तिने परत वाचायला लावलं. मग म्हणाली, ते घड्याळ अजून आहे, माळ्यावर, काढून देतेस का.

टंकलेखन_निवृत्त

काढून द्या ताई. आणि मावशींना माझा नमस्कार सांगा. जॅनेटचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं.